सर्वांत उंच कोण? एका उत्तराचा इतिहास

‘जगातील सर्वांत उंच शिखर कोणते?’ असे विचारले की वर्गातले बहुतेक हात वर जातात. ८८४८ मीटर हा आकडाही पुष्कळांना पाठ असतो. पण ‘हे कुणी मोजले? कसे मोजले?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो, आणि खरे सांगायचे तर आपणही थोडे अडखळतो. पाठ्यपुस्तकात हे उत्तर इतके पक्के बसले आहे की, एके काळी ते वेगळे होते याचा आपल्याला विसर पडतो.

दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्वानांना हाच प्रश्न विचारला असता, तर बहुतेकांनी चिंबोराझोचे नाव घेतले असते. चिंबोराझो हा अँडीज पर्वतरांगेतला, आजच्या इक्वेडोर देशातला ज्वालामुखी. त्याची उंची ६२६३ मीटर आहे. २३ जून १८०२ रोजी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गअभ्यासक त्याच्यावर चढला. शिखर गाठता आले नाही, तरी आपण जगातल्या सर्वांत उंच पर्वतावर होतो अशीच त्याची समजूत होती.

योगायोग असा की, त्याच वर्षी १० एप्रिलला मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने जमिनीवर साखळी टाकून एक सरळ रेषा मोजायला घेतली होती. सुमारे १२ किलोमीटरच्या या पायारेषेला ५७ दिवस लागले. पुढचे काम मात्र साखळीचे नव्हते. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे आपण शाळेतच शिकवतो. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजण्याचे हे काम ‘महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यासाठी वापरलेला थिओडोलाइट हा कोन मोजण्याचा यंत्रप्रकार अर्धा टन वजनाचा होता. मोजणी करता करताच १८२३ मध्ये लॅम्बटन वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

इकडे उत्तरेत हिमालयाची शिखरे मैदानातून दिसत होती. विल्यम वेबने मैदानातल्या चार ठिकाणांहून धवलगिरीचे कोन मोजले. उत्तर आले २६,८६२ फूट, म्हणजे सुमारे ८१८७ मीटर. युरोपातल्या अनेक विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांना हटवादी म्हणून सोडून देऊ नये. इतक्या दुरून येणारा प्रकाशकिरण हवेत वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच भासते, ही त्यांची शंका रास्त होती. पण मोजमाप चांगलेच निघाले. धवलगिरीची आजची मान्य उंची ८१६७ मीटर आहे, म्हणजे चूक फक्त २० मीटरांची! चिंबोराझोचा मान गेला. पुढे काही काळाने तो मान कांचनगंगेकडे आला.

१८४७ मध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांना कांचनगंगेच्या पलीकडे, फार दूर, आणखी एक शिखर दिसले. जवळ जाऊन पाहण्याची सोय नव्हती, कारण नेपाळने सर्वेक्षकांना प्रवेश नाकारला होता. म्हणून मोजणी तराईतून, म्हणजे पायथ्याच्या दलदलीच्या, हिवतापाच्या पट्ट्यातून करावी लागली. १८४९ मध्ये जेम्स निकोल्सनने पाच ठिकाणांहून तीसपेक्षा जास्त निरीक्षणे घेतली. त्यांतले सर्वांत जवळचे ठिकाण शिखरापासून १७४ किलोमीटर दूर होते. पुढे निकोल्सनलाही हिवतापाने गाठले आणि त्याला मायदेशी परतावे लागले. त्या शिखराला नाव नव्हते, फक्त क्रमांक होता : शिखर पंधरा.

या अंतरावर नुसते शाळेतले त्रिकोणमितीचे सूत्र चालत नाही. पृथ्वी गोल आहे. १७४ किलोमीटर अंतरावर केवळ वक्रतेमुळे सुमारे २४०० मीटरांचा फरक पडतो. म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच डोंगर क्षितिजाखाली पूर्ण बुडेल इतका! उलट, किरण वाकल्यामुळे शिखर तीनशेहून अधिक मीटर वर उचलल्यासारखे दिसते. या दोन्ही दुरुस्त्या केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. निकोल्सनच्या कच्च्या आकड्यांत किरण वाकण्याची दुरुस्ती केलेली नव्हती, आणि त्यांवरून उंची सुमारे ९२०० मीटर येत होती.

ही दुरुस्ती करणाऱ्यांना त्या वेळी ‘कॉम्प्युटर’ म्हणत. आजच्या यंत्राचे नाव तेव्हा माणसांच्या हुद्द्याचे होते. त्यांचे प्रमुख होते राधानाथ शिकदार. १८१३ मध्ये जन्मलेले, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले राधानाथ १८३१ मध्ये सर्वेक्षणात रुजू झाले. १८५२ मध्ये एके दिवशी ते साहेबांच्या खोलीत धावत गेले आणि ‘मी जगातले सर्वांत उंच शिखर शोधले’ म्हणाले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण ती जपून सांगावी. राधानाथ १८४९ पासून कलकत्त्याला होते आणि या आकडेमोडीचा बराच भाग डेहराडूनच्या कचेरीत झाला. म्हणून श्रेयाची वाटणी नेमकी कशी करावी याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली.

मात्र राधानाथांचे मोठेपण त्या एका गोष्टीवर अवलंबून नाही. सर्वेक्षणातल्या मजुरांना वेठीला धरणाऱ्या इंग्रज मॅजिस्ट्रेटला त्यांनी १८४३ मध्ये विरोध केला आणि त्यासाठी २०० रुपये दंड सोसला. १८५१ च्या मोजणीशास्त्राच्या सरकारी ग्रंथात त्यांनी तांत्रिक प्रकरणे लिहिली. ते १८७० मध्ये वारले, आणि १८७५ च्या आवृत्तीतून त्यांचे नाव वगळले गेले. ज्यांनी यंत्रे वाहून नेली, रात्री टेकड्यांवर दिवे धरले आणि तराईत जीव गमावले, त्या खलाशांची नावे तर बहुतेक कुठेच नोंदलेली नाहीत.

शिखराला नाव मिळाले ते वॉ यांचे आधीचे वरिष्ठ जॉर्ज एव्हरेस्ट यांचे. स्वतः एव्हरेस्टनी त्याला हरकत घेतली होती. तरी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते कायम केले. तिबेटी लोक मात्र या पर्वताला फार पूर्वीपासून चोमोलुंग्मा म्हणत. नेपाळातले सगरमाथा हे नाव विसाव्या शतकात रूढ झाले.

उत्तर तिथेही थांबले नाही. १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने ८८४८ मीटर ही उंची दिली. ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीनने मिळून ८८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. आणि ‘उंच’ म्हणजे तरी काय? समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले, तर विषुववृत्ताजवळचा फुगवटा कामी येतो आणि चिंबोराझो एव्हरेस्टला सुमारे दोन किलोमीटरने मागे टाकतो. हुम्बोल्ट एका अर्थी बरोबरच होता म्हणायचा!

तेव्हा हा धडा शिकवताना आपण एक करू या. कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून मुलांना मैदानावर न्यावे. झेंड्याच्या खांबाचे टोक पाहताना जिथे ४५ अंशांचा कोन भरतो, तिथून खांबापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात डोळ्याची उंची मिळवावी. ती खांबाची उंची. पाच गटांची पाच उत्तरे येतील. कुणाचे खरे यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. आपला दोरा हलला का, जमीन सपाट होती का, हे मुले आपणहून विचारू लागतील. मग त्यांना शिखर पंधराची गोष्ट सांगावी. त्यानंतर ८८४८ हा आकडा त्यांच्यासाठी नुसता पाठ करण्याचा राहणार नाही. त्यामागे राबलेली माणसे त्यांना दिसतील, आणि पुढच्या वेळी ‘कशावरून?’ हा प्रश्न तेच आपल्याला विचारतील.