कोडचे भाषांतर : पायथनमधून जावास्क्रिप्टमध्ये
एका स्क्रिप्टिंग भाषेतील प्रोग्रॅम, त्याचे वर्तन न बदलता, दुसऱ्या स्क्रिप्टिंग भाषेत उतरवण्याची प्रक्रिया. पायथन (१९९१) आणि जावास्क्रिप्ट (१९९५) यांची तुलना केल्यास या कामातील खरी अडचण वाक्यरचनेची नसून अर्थाची असल्याचे दिसते. वाक्यरचना चुकली तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अर्थ निसटला तर प्रोग्रॅम विनातक्रार चालतो आणि चुकीचे उत्तर देतो. −७ ला ३ ने भागल्यास % हे चिन्ह पायथनमध्ये २, तर जावास्क्रिप्टमध्ये −१ ही बाकी देते. अटीत आलेली रिकामी यादी पायथन असत्य मानते, जावास्क्रिप्ट सत्य. १, ९, १० या संख्या जावास्क्रिप्टची सॉर्ट क्रिया, वेगळी सूचना न दिल्यास, मजकूर समजून १, १०, ९ अशा लावते. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या २ च्या ५३ व्या घातापलीकडे प्रत्येक पूर्णांक अचूक दाखवू शकत नाही.

हे काम यंत्रावर सोपवता येईल, हा आक्षेप अंशतः खरा आहे. ट्रान्सक्रिप्ट हा कंपायलर पायथनचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करतो. पण सत्य-असत्याचा पायथनचा नियम पाळायचा तर त्याला तशी वेगळी सूचना द्यावी लागते, कारण प्रत्येक अटीवरील जादा तपासणीने वेग घटतो. चाचण्या चुका पकडतील, हेही खरे. मात्र ज्या चाचणीत ऋण संख्या किंवा रिकामी यादी नाही, ती या फरकांविषयी काहीच सांगत नाही. म्हणून मूळ कोड कोणत्या अध्याहृत नियमांवर विसंबून आहे हे शोधून त्यांच्या चाचण्या आधी लिहिणे, हा भाषांतराचाच पहिला टप्पा ठरतो.