मागेरू : युटाच्या खाणवस्तीतली ग्रीक मावशी

ग्रीक भाषेत आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींसाठी एकच शब्द आहे, ‘थिया’. नात्यात नसलेल्या वडीलधाऱ्या बाईलाही खेड्यात थियाच म्हणतात. आपण दवाखान्यातल्या, शाळेतल्या बाईला ‘मावशी’ म्हणतो, तसेच ते. आपल्याकडे उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरांत मावशीला ‘खाला’ म्हणतात. हाच अरबी शब्द तुर्कीत जाऊन ‘हाला’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ झाला आत्या. देश बदलला की शब्दाचे नाते बदलते. माणसांचेही असेच होते. गावात जी कुणा एका घराची सून होती, ती परक्या मुलखात अख्ख्या वस्तीची थिया होऊन बसते. जॉर्जिया लाथुरिस मागेरास ही अशीच एक बाई.

तिचा जन्म १८६७चा, ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनीस भागातल्या आख्लादोकाम्बोस या डोंगरी गावातला. १९०९मध्ये ती अमेरिकेच्या युटा प्रांतात आली. नवरा आधीच तिकडे कामाला गेलेला होता. मागेरासची बायको म्हणून लोक तिला ‘मागेरू’ म्हणत. पाटलाची पाटलीण, तशी मागेरासची मागेरू. पण पुढे झाले असे की, नवऱ्याचे नाव मागे पडले आणि त्याच्यावरून पडलेले तिचे नाव इतिहासात राहिले. ती सुईण होती.

पुरुषांचे स्थलांतर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्रीस हा एक गरीब, शेतीवर जगणारा देश होता. काळ्या मनुका हे त्याचे मुख्य निर्यातीचे पीक. त्यांचे भाव कोसळले आणि १८९३मध्ये सरकारने दिवाळखोरी जाहीर केली. दुसरीकडे घराघरांत हुंड्याचा प्रश्न होता. बहिणींची लग्ने होईपर्यंत भावाने लग्न करायचे नाही, हा गावचा रिवाज होता आणि हुंड्याशिवाय बहिणीचे लग्न होत नव्हते. (ग्रीसमध्ये हुंड्याची कायदेशीर तरतूद थेट १९८३मध्ये रद्द झाली.) त्यामुळे तरुण पोरे जहाजात बसली. १८९० ते १९२० या तीन दशकांत सुमारे चार लाख ग्रीक अमेरिकेत गेले. त्यांतले बहुतेक सगळे पुरुष होते आणि चार पैसे जमले की परत यायचे, या हिशेबाने गेले होते.

युटात तांब्याच्या आणि कोळशाच्या खाणी होत्या, रेल्वेचे रूळ टाकायचे काम होते. १९१०च्या जनगणनेत या प्रांतात चार हजारांच्या आसपास ग्रीक होते. त्यांत स्त्रिया मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. खाणीत काम मिळवायचे तर लिओनिडास स्क्लिरिस या ग्रीक मुकादमाला पैसे मोजावे लागत. आपल्याच भाषेतला, आपल्याच देशातला माणूस मजुरांना लुटत होता. १९१२मध्ये बिंगहॅमच्या तांब्याच्या खाणीत संप झाला, तेव्हा ग्रीक मजुरांची एक मागणी हा मुकादम हटवण्याची होती. बाहेर गोऱ्या समाजाचा द्वेष होताच. मागेरू आली त्याच वर्षी, फेब्रुवारी १९०९मध्ये, नेब्रास्कातल्या साउथ ओमाहा इथे जमावाने ग्रीक मोहल्ला उद्ध्वस्त केला. एका ग्रीकाच्या हातून पोलीस मारला गेला आणि त्याची शिक्षा साऱ्या जमातीला मिळाली. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना उभे करण्याची ही पद्धत आपल्या वाचकांना नवीन वाटू नये.

या इतिहासात संप आहेत, दंगली आहेत, मुकादम आहेत. जहाजांची आणि मजुरांची गणती आहे. पण मजुरांच्या तांड्याची वस्ती कशी झाली, याचे उत्तर त्यात सापडत नाही. त्यासाठी मागेरूच्या दारात जावे लागते.

चाळीस दिवस

मॅग्ना या गावाजवळ तांब्याचे खनिज दळणारे कारखाने होते. तिथल्या स्नेकटाउन नावाच्या वस्तीत मागेरू राहत होती. हळूहळू मजुरांची लग्ने होऊ लागली. पुरुष आपला फोटो गावी पाठवी, तिकडून मुलीचा फोटो येई आणि मग मुलगीच येई. वीस वर्षांची पोर, भाषा येत नाही, आई नाही, सासू नाही आणि दिवस गेलेले. कंपनीचा डॉक्टर होता. त्याच्यासाठी मजुराच्या पगारातून दरमहा पैसेही कापले जात. पण तो पुरुष, तोही परक्या भाषेचा. त्याच्यापुढे बाळंत व्हायला या मुलींची तयारी नसे. त्या मागेरूला बोलवायच्या.

ती फक्त ग्रीकांकडे गेली असती, तरी तिची आठवण निघाली असती. पण तिला इटालियन घरांतून बोलावणे येई, बाल्कनमधून आलेल्या स्लाव्ह घरांतूनही येई. कोणी कॅथलिक, कोणी ऑर्थोडॉक्स. भाषा तर तीन-चार. बाळंतपणाखेरीज आजारी माणसांवरही ती आपले गावठी उपचार करी. तिच्या गावाकडून आलेली ही विद्या होती. पाठीवर तापलेले पेले लावणे, झाडपाला, काढे. पेले लावण्याचा हा उपाय मुस्लिम वाचकांना ‘हिजामा’ म्हणून ओळखीचा आहे.

ओळखीच्या गोष्टी आणखीही आहेत. ग्रीक रिवाजात बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. चाळिसाव्या दिवशी ती बाळाला घेऊन चर्चमध्ये जाते आणि पाद्री दोघांसाठी प्रार्थना करतो. आपल्याकडे चिल्ल्याचे चाळीस दिवस, शेजारच्या हिंदू घरात सव्वा महिना. ग्रीक बायका दृष्ट काढतात ती पाण्यात तेलाचे थेंब सोडून. तेल पाण्यात पसरून नाहीसे झाले, तर नजर लागली असे समजायचे. धर्म वेगळे, समुद्र वेगळे. पण बाळंतिणीच्या खोलीतली भीती एकच आणि तिच्यावरचा उताराही बराचसा सारखा. या खोलीत पुरुषांनी आखलेल्या सीमा फारशा चालत नाहीत. मागेरू कॅथलिक बाईच्या उशाशी बसली, ती काही सर्वधर्मसमभावाचे व्याख्यान ऐकून नव्हे. बाई अडली होती, एवढेच तिला पुरेसे होते.

दारे बंद झाली

१९२३-२४ ही दोन वर्षे या सगळ्या लोकांसाठी निर्णायक ठरली. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे ठरले आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानचे. त्यांतले बरेच ख्रिस्ती युद्धाच्या धुमश्चक्रीत आधीच पळून आले होते. करार झाल्यावर त्यांच्या परतीची वाट बंद झाली. वाटणी भाषेवर नव्हे, धर्मावर झाली. क्रीट बेटावरचे मुसलमान घरात ग्रीक बोलत. त्यांना तुर्क ठरवून आयवालिकसारख्या गावांत धाडले. अनातोलियातले कारामान्ली ख्रिस्ती तुर्की बोलत. ते ग्रीक ठरले. तिथल्याही सुईणी आपली विद्या घेऊन निघाल्या असणार. नव्या गावात त्यांची भाषाच शत्रूची ठरली.

पुढच्याच वर्षी अमेरिकेने स्थलांतराचा नवा कायदा केला. ग्रीसचा वाटा ठरला वर्षाला फक्त १०० माणसे. ज्यांची आई, बहीण, मावशी तिकडे राहिली होती, त्यांच्यासाठी दार जवळपास बंदच झाले. त्याच १९२४मध्ये, ८ मार्चला, युटातल्या कॅसल गेट इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. १७२ माणसे मेली. त्यांत सुमारे ५० ग्रीक होते. काळी वस्त्रे चढवलेल्या तरुण विधवा, पदरी लहान मुले आणि जवळ माहेरचे कोणी नाही. अशा वेळी थिया हे निव्वळ नाव राहत नाही, ते काम होते. स्वयंपाक, पोरांची अंगोळ, मयताजवळचे रडणे, सगळे तिनेच पाहायचे. याच काळात युटात कु क्लक्स क्लान क्रॉस जाळून या परदेशी लोकांना दहशत घालत होती.

कोणी विचारले म्हणून

मागेरू १९५०मध्ये गेली. तिने काही लिहून ठेवले नाही. तिचे आयुष्य आज आपल्याला माहीत आहे, ते हेलन पापानिकोलास यांच्यामुळे. हेलन (१९१७-२००४) युटातच एका खाणवस्तीत जन्मलेली ग्रीक स्थलांतरितांची मुलगी. खाणींचा आणि संपांचा इतिहास तिने लिहिलाच. पण त्यासोबत म्हाताऱ्या माणसांना गाठून, विचारून, १९७०मध्ये युटाच्या इतिहासाच्या त्रैमासिकात या सुईणीवर स्वतंत्र लेख लिहिला. मुकादमाचे नाव कंपनीच्या कागदांत सापडते. सुईणीचे नाव जिवंत माणसांच्या तोंडीच असते आणि ती माणसे गेली की तेही जाते.

अल्पसंख्य समाजाचा इतिहास लिहिताना आपणही बहुतेकदा लढाया, दंगली, करार आणि पुढाऱ्यांपाशीच थांबतो. ते लिहायला हवेच. पण दंगलीच्या दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली, पोरके पोर कोणी सांभाळले, परक्या गावात पहिले बाळंतपण कोणी केले, हे विचारल्याशिवाय समाज टिकला कसा, ते कळणार नाही. मागेरूला कोणी विचारले, म्हणून ती उरली. अजून विचारता येईल अशा खाला, फुफी आणि मावश्या आपल्याही घरांत आहेत.