शोधयंत्रे अनेक, सूची मोजक्या

महाजालावर काही शोधायचे म्हणजे ‘गुगल करायचे’, हे समीकरण मराठी बोलण्यात इतके रुळले आहे की, या कामासाठी दुसरीही साधने आहेत याचा बहुतेकांना विसर पडला आहे. रेल्वेचे वेळापत्रक, औषधाचे दुष्परिणाम, बँकेच्या ग्राहकसेवेचा दूरध्वनी, आषाढी एकादशीची तारीख या साऱ्यांसाठी बोटे एकाच चौकटीकडे वळतात. वस्तुतः गुगलखेरीज बिंग, याहू, डकडकगो, ब्रेव्ह, इकोसिया, स्टार्टपेज, यांडेक्स अशी अनेक शोधयंत्रे उपलब्ध असून, ती सारी विनामूल्य आहेत. त्यांतील कोणते कशासाठी वापरावे, हे ठरवण्यापूर्वी त्यांच्या घडणीकडे पाहणे इष्ट ठरेल. कारण वरवर स्पर्धक दिसणारी ही यंत्रे आतून बऱ्याचदा एकाच विहिरीचे पाणी भरत असतात.

कोणतेही शोधयंत्र प्रश्न विचारल्यावर महाजाल धुंडाळायला निघत नाही. ते काम आधीच झालेले असते. ‘क्रॉलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावल्या एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जातात, तेथील मजकूर टिपतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची तयार करतात. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही; फक्त ग्रंथ अब्जावधी पानांचा आणि रोज बदलणारा. प्रश्न आला की यंत्र ही सूची पाहते आणि सापडलेली पाने कोणत्या क्रमाने दाखवायची ते ठरवते. सूची किती मोठी व ताजी आहे आणि क्रम कशाच्या आधारे लावला जातो, या दोन बाबींवर शोधयंत्राची गुणवत्ता मोजता येते. बाकी सारी सजावट.

या तंत्राची सुरुवात साधी होती. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी १९९० मध्ये तयार केलेले ‘आर्ची’ केवळ फायलींची नावे शोधत असे. १९९४ मध्ये सुरू झालेली याहूची सूची माणसांनी हाताने लावलेली वर्गवारी होती. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या अल्टाव्हिस्टाने पानांवरील संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय केली. पण शब्द अधिक वेळा आला की पान वर, अशा ढोबळ हिशेबांना चलाख संकेतस्थळचालक सहज फसवू लागले. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या गुगलने दुव्यालाच मत मानले. ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे, हा तो विचार. पुढे अल्टाव्हिस्टा २०१३ मध्ये आणि याहूची वर्गीकृत सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली. भारतातही प्रयत्न झाले. राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्ड समूहात ‘खोज’ हे शोध-संकेतस्थळ होते. हा समूह सत्यम इन्फोवेने १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांना घेतला. २००६ मध्ये ‘गुरुजी’ हे भारतीय शोधयंत्र आले. त्या काळी बरीच चर्चा होऊनही यातील एकही टिकले नाही.

न टिकण्याचे मुख्य कारण खर्च हे आहे. संपूर्ण महाजालाची सूची राखणे हे लाखो संगणकांचे आणि अखंड चालणारे काम आहे. याहूसारख्या बलाढ्य कंपनीनेही २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार करून बिंगची सूची स्वीकारली. आस्क या शोधयंत्राने २०१० मध्ये स्वतःचे शोधतंत्र गुंडाळले. गोपनीयतेसाठी नावाजलेले डकडकगो आपले स्वतःचे काही स्रोत वापरते, मात्र नेहमीचे दुवे प्रामुख्याने बिंगकडून घेते. वृक्षलागवडीसाठी प्रसिद्ध असलेले जर्मनीचे इकोसिया बिंग आणि गुगल या दोघांवर विसंबत आले आहे. नेदरलँड्सचे स्टार्टपेज गुगलचे निकाल वापरकर्त्याची ओळख काढून टाकून दाखवते. या परावलंबनाची प्रचिती २३ मे २०२४ रोजी आली. त्या दिवशी बिंगमध्ये बिघाड झाला आणि पाठोपाठ डकडकगो व इकोसियाही कोलमडली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने इतरांना बिंगचे निकाल पुरवणारी आपली जुनी सर्वसाधारण सेवाच बंद केली. मोठे करार असलेले तगले, लहानांची मात्र पंचाईत झाली.

स्वतःची स्वतंत्र सूची बाळगणारी शोधयंत्रे त्यामुळेच मोजकी उरतात. इंग्रजीसाठी गुगल आणि बिंग. त्यांच्या खालोखाल २०२१ मध्ये सुरू झालेले ब्रेव्ह, ज्याने २०२३ मध्ये बिंगचा आधार पूर्णपणे सोडला. ब्रिटनचे छोटेसे मोजीक. रशियाचे यांडेक्स आणि चीनचे बायडू. इकोसिया आणि फ्रान्सच्या क्वांटने युरोपीय सूची उभारण्यासाठी २०२४ मध्ये संयुक्त कंपनी जाहीर केली आहे.

ही माहिती केवळ अभ्यासकांच्या उपयोगाची नाही. गुगलवर हवे ते सापडले नाही म्हणून स्टार्टपेजवर जाण्यात, किंवा बिंगवर निराशा झाली म्हणून याहूकडे वळण्यात फारसा अर्थ नाही. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे तर डॉक्टर खरोखर दुसरा हवा. गुगल, बिंग आणि ब्रेव्ह या तिघांना एकच प्रश्न विचारून पाहिल्यास उत्तरांतील तफावत लक्षात येते; जुने इंग्रजी लेख, चर्चा किंवा फारसे प्रसिद्ध नसलेले विषय शोधताना तर ती विशेष जाणवते.

जाहिरातीची पहिली ओळ

शोधयंत्रे फुकट असतात, कारण त्यांचा खर्च जाहिरातदार भागवतात. गंमत अशी की, जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र वापरकर्त्यापेक्षा जाहिरातदाराकडे झुकण्याचा धोका पेज आणि ब्रिन यांनीच १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात नोंदवला होता. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, गुगलने स्वतःची जाहिरात सेवा सुरू केली. आरंभी या जाहिराती रंगीत पार्श्वभूमीवर वेगळ्या उठून दिसत. कालांतराने रंग गेला, आणि आता खऱ्या निकालांसारख्याच दिसणाऱ्या दुव्यांवर ‘प्रायोजित’ असा लहानसा शब्द तेवढा असतो. बिंग आणि डकडकगोवरही स्थिती फारशी निराळी नाही.

याची झळ सर्वांत जास्त बसते ती घाईत असलेल्या माणसाला. तिकिटाचे पैसे अडकले, कार्ड बंद करायचे आहे, गॅसचा सिलिंडर आला नाही, अशा वेळी ग्राहकसेवेचा क्रमांक शोधला जातो आणि वर दिसणाऱ्या पहिल्याच क्रमांकावर संपर्क साधला जातो. भामटे नेमके हेच हेरतात. बनावट संकेतस्थळे, पैसे भरून मिळवलेली जाहिरातीची जागा किंवा नकाशावरील खोटी नोंद यांच्या मार्फत ते आपले क्रमांक तेथे पोहोचवतात. पलीकडून गोड आवाजात एखादे ॲप उतरवून घेण्यास किंवा सांकेतिक अंक सांगण्यास सुचवले जाते आणि खाते रिकामे होते. कोणतेही शोधयंत्र या धोक्यापासून पूर्णपणे मुक्त नाही, त्यामुळे येथे यंत्र बदलून उपयोग नाही. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच वापरावा. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत पैसे रोखता येण्याची शक्यता अधिक असते.

सातबारासारख्या कागदपत्रांची गोष्ट आणखी वेगळी. प्रत्येक उतारा शोधयंत्राच्या सूचीत नसतोच. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक भरल्यावर तो मिळतो. शोधयंत्र फार तर दारापर्यंत नेते. पण त्याच दाराशेजारी तत्सम नावाची, शुल्क मागणारी खासगी दारे उघडलेली असतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढे पाहिले तरी बरेच श्रम आणि पैसे वाचतात.

मक्तेदारी आणि गोपनीयता

गुगलच्या वर्चस्वामागे गुणवत्ता आहे हे मान्यच. परंतु तेवढेच नाही. अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निवाडा दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे यासाठी गुगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचे या खटल्यात उघड झाले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात अनन्य करारांना मनाई करण्यात आली आणि काही शोधविदा पात्र स्पर्धकांना देण्यास सांगण्यात आले. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये भारतीय वापरकर्त्यांना शोधयंत्र निवडण्याचा पर्याय देण्याचे गुगलने जाहीर केले. तो पर्याय अस्तित्वात आहे, हेही अनेकांच्या गावी नाही.

गोपनीयतेचा प्रश्न अनेकांना पुस्तकी वाटतो. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे दोन कोटी शोध खुले केले. नावांच्या जागी केवळ अंक होते. तरीही शोधलेल्या शब्दांवरून पत्रकारांनी काही दिवसांत एका वृद्धेचे घर गाठले. माणूस शोधयंत्राला जे विचारतो, ते कित्येकदा घरच्यांनाही विचारत नाही. आजार, कर्ज, नोकरीबदल, घटस्फोट असे विषय शोधताना डकडकगो किंवा ब्रेव्ह वापरणे म्हणूनच शहाणपणाचे. शोधांचा वैयक्तिक इतिहास आपण साठवत नाही, अशी या दोघांची भूमिका आहे. ब्राउझरची ‘इन्कॉग्निटो’ खिडकी मात्र याला पर्याय नव्हे. ती आपल्या संगणकावरील नोंद टाळते, पलीकडची नव्हे.

मराठीचा प्रश्न

मराठी मजकुराच्या बाबतीत गुगलला आज तरी खरा प्रतिस्पर्धी नाही. देवनागरीत शोध घेतल्यास बिंगची आणि त्यावर अवलंबून असलेल्या यंत्रांची उत्तरे तोकडी पडतात. हिंदी पानेही त्यांत सरमिसळ होऊन येतात. पण गुगललाही मराठी पूर्ण उमगली आहे असे नव्हे. मराठीत शब्दांचे सामान्यरूप होते. ‘कापूस’ शोधणाऱ्याला ‘कापसाचे’, ‘कापसाला’ असलेली पाने हवी असतात आणि ती दर वेळी मिळतातच असे नाही. अशा वेळी दोन्ही रूपे देऊन पाहावीत.

याहून छुपी अडचण अक्षरांच्या संकेतांकांची आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, असे दोन्ही प्रकारे उमटते. डोळ्यांना फरक दिसत नाही. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ यांचेही तेच.

जुन्या मजकुराची कथा तर अधिक खेदजनक आहे. १९९० च्या दशकात आणि २००० नंतरची काही वर्षे मराठी संकेतस्थळे प्रायः आपापले खास फाँट वापरत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकात साठवलेली असत ती रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी. यातील जी पाने युनिकोडमध्ये आणली गेली नाहीत, ती महाजालावर असूनही देवनागरी शब्द टंकून हाती लागत नाहीत. छायाचित्रासारख्या साठवलेल्या पीडीएफ फायलींबाबतही हीच गत होऊ शकते. शासन निर्णय हवा असेल, तर शोधयंत्रापेक्षा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, दिनांक किंवा संकेतांकानुसार शोधणे अधिक फलदायी ठरते.

अलीकडे दुव्यांच्या आधी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले तयार उत्तर दिसू लागले आहे. गुगलने ही सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आणली. अमेरिकेतील पहिल्याच महिन्यात या यंत्रणेने पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक मिसळण्याचा सल्ला दिला होता. आधार होता एका चर्चास्थळावरील जुन्या थट्टेचा. सुधारणा झाली असली, तरी औषधाची मात्रा, कराची मुदत वा कायद्याचे कलम यांसाठी मूळ पान उघडणे अपरिहार्य आहे. गुगलच्या निकालांवरील पर्यायांत ‘वेब’ निवडल्यास केवळ दुवे दिसतात, आणि जुन्या वापरकर्त्यांना तेच अधिक सोयीचे वाटावे.

रोजच्या कामांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल. जवळचे दुकान, रस्ता, स्थानिक बातमी आणि मराठी मजकूर यांसाठी गुगल. खासगी विषयांसाठी डकडकगो किंवा ब्रेव्ह. इंग्रजीतील दुसऱ्या मतासाठी बिंग वा ब्रेव्ह. छायाचित्राचा उगम शोधायचा असल्यास गुगल लेन्ससोबत यांडेक्स आणि टिनआय. नेमका वाक्यांश हवा असल्यास तो दुहेरी अवतरणचिन्हांत टंकावा. नको असलेल्या शब्दाआधी, मध्ये जागा न सोडता, वजाचे चिन्ह द्यावे. ब्राउझरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सर्च इंजिन’ या शीर्षकाखाली नेहमीचे यंत्र बदलता येते. क्रोममध्ये आणि बहुतेक फोनवर या कामाला मिनिटभरही लागत नाही, आणि न आवडल्यास त्याच ठिकाणी पूर्ववत करता येते.