वाड्यातील कोठी आणि आपत्काळाची तजवीज

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी अशी ताकीद आहे की, गडावर झरा वाहता असला तरी तेवढ्यावर निश्चिंत न राहता टाकी वेगळी खोदवून जखिऱ्याचे पाणी राखावे. युद्धप्रसंगी तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, असे कारण तेथे दिले आहे. हा ग्रंथ राजनीतीचा खरा, तथापि त्यातील ही दक्षता संसारी गृहस्थाची आहे, आणि पुण्याच्या जुन्या वाड्यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती.

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी भुयारी नळाने शहरातील हौदांत खेळविले, तरी वाड्यांतील आड बुजले नाहीत. आडावर रहाट, रहाटाला दोर, दोराला पोहरा, आणि दोर तुटून पोहरा तळाशी गेला तर तो काढण्यासाठी गळ. अनेक वाकड्या आकड्यांचा हा लोखंडी झुबका दोराला बांधून आडात सोडावा, तळाला टेकताच सावकाश फिरवावा, आणि कडीत आकडा अडकल्याचा भार हाताला जाणवला की धक्का न देता वर ओढावा. हे काम जाणत्या हाताचेच. आळीत एखाद्याच्याच घरी गळ असे आणि तो कोणासही नाकारला जात नसे.

वाड्यांचे वरचे मजले लाकडी चौकटीचे, म्हणून अग्नीचे भय सर्वांत मोठे. शनिवारवाडा १८२८ मध्ये पेटला तो कित्येक दिवस जळत होता. बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यात भस्मसात झाला. भरलेल्या घागरी, शिडी, कुऱ्हाड आणि पहार हीच गृहस्थाची सामग्री. पाणी पुरेनासे झाले की लगतचे छप्पर उतरवून आगीची वाट तोडणे एवढाच उपाय उरे.

रोजच्या वापरातील वस्तूंवरच आपत्काळी भिस्त ठेवण्यामागचे शहाणपण मला फार मोलाचे वाटते. संकटासाठी म्हणून निराळे हत्यार कोणी बांधून ठेवीत नसे. रोज आडावर चालणारा दोर झिजला की त्याच दिवशी नजरेस येई, रोज पुसली जाणारी कंदिलाची काच तडकली की लगेच बदलली जाई, आणि कुऱ्हाडीचा दांडा सैल झाल्याचे लाकडे फोडणाऱ्यास आधी कळे. वर्षानुवर्षे अडगळीत पडलेल्या वस्तूची अशी हमी कोण देणार?

पुढे घरोघर नळ आले, वीज आली, आणि रहाट भंगारात गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली जाऊन शहराचे दिवे व नळ दोन्ही बंद पडले. तेव्हा न बुजलेले आड पुन्हा उपसले गेले. पूर ओसरल्यावर माजघरांतून साचलेला गाळ फावड्यांनी आणि घमेल्यांनीच काढावा लागला. आणि चिखलाने घट्ट धरलेले दार उघडावयाचे किंवा ढासळलेल्या भिंतीखालची तुळई हलवावयाची, तर हातभर दांड्याचे कोणतेही हत्यार अपुरे पडते, तेथे चांगली लांब, जड पहारच लागते.