मेसॉन, फोटॉन आणि शेतात उतरणारी पेटी

हैदराबादहून संशोधनाचे मोठे फुगे सुटणार असले की सरकारी सूचना निघते: पॅराशूटला बांधलेली पेटी शेतात उतरली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. त्या जिल्ह्यांच्या यादीत आपला धाराशिवही असतो. ही सूचना वाचतं कोण? पेटी दिसली की अफवाच आधी पळतात. म्हणून तिच्यामागचा इतिहास लिहितोय.

१९३५ साली जपानच्या युकावांनी मांडलं की अणुकेंद्रात प्रोटॉन-न्यूट्रॉनला बांधून ठेवणारा मधल्या वजनाचा एक कण असला पाहिजे. त्याला 'मेसोट्रॉन' म्हणू लागले होते. १९३९ साली आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी 'नेचर'मध्ये सुचवलं की मूळ ग्रीक शब्दात 'ट्र' नाहीच, सरळ 'मेसॉन' म्हणा. जगात तेच नाव टिकलं.

पण हा कण मिळायचा कुठं? वर आकाशात. तिथं वैश्विक किरण हवेवर आदळून मेसॉन तयार होतात. १९४७ साली पॉवेल यांच्या गटाला डोंगरावर ठेवलेल्या फोटोप्लेटांत तो सापडला. मात्र आकाशाचा हिशेब कोरडवाहू शेतीसारखा, कधी किती पदरात पडेल याचा भरवसा नाही.

१९४९ साली अमेरिकेत बर्कलीच्या सिंक्रोट्रॉनवर ३३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या फोटॉनचा झोत सोडून मेसॉन तयार केले गेले. आता किती फोटॉन गेले आणि किती मेसॉन निघाले, हे मोजता येऊ लागलं. प्रोटॉनसाठी हायड्रोजन पुरतो. न्यूट्रॉनची अडचण अशी, की तो मोकळा ठेवला तर सरासरी पंधराएक मिनिटांत फुटतो. म्हणून ड्युटेरियम वापरायचं, ज्याच्या केंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो, आणि त्यातून न्यूट्रॉनचा वाटा हिशेबानं वेगळा काढायचा. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये आणि जर्मनीत माइन्झला ही मोजमापं पुढंही होत राहिली.

आपल्याकडं तेव्हा एवढं यंत्र कुठलं? भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली आणि वैश्विक किरणांवर भर दिला. ते किरण फुकट येतात, फक्त उपकरणं उंच न्यावी लागतात. त्यातूनच फुग्यांचं काम वाढलं आणि १९६९ साली हैदराबादला त्याचं कायमचं केंद्र झालं. आता त्याच फुग्यांतून क्ष-किरण खगोलशास्त्र आणि वातावरणाचे प्रयोगही होतात. पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजननं भरलेले हे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात. नंतर उपकरणं पॅराशूटनं हैदराबादपासून दोन-साडेतीनशे किलोमीटरवर उतरतात. आपण नेमके त्याच पट्ट्यात आहोत.

कुणी पेटी उघडली, वायरी तोडल्या, तर अनेकांची मेहनत आणि आपल्याच करातला पैसा मातीत जातो. शिवाय काही उपकरणांत जास्त दाबाची वीज असते, जिवाला धोका. कळवणाऱ्याला बक्षीस आणि खर्च मिळतो, हेही सूचनेत लिहिलेलं असतं.

ग्रामपंचायतींनी ही सूचना फळ्यावर लावावी. गुरुजींनी, बाईंनी वर्गात वाचून दाखवावी. आणि पेटी खरंच उतरली, तर पोरांना लांबूनच दाखवा आणि सांगा, 'मेसॉन' हे नाव आपल्या माणसानं दिलंय.