इतवारीत एक एकर शोधून दाखवा

म्हाडाच्या सोडतीची जाहिरात आली की आमच्या ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नसतो. पुणे किंवा नाशिक मंडळाची सोडत असेल तर तिच्यात '20 टक्के सर्वसमावेशक योजना' अशी एक ओळ हमखास दिसते. खासगी बिल्डरच्या नव्याकोऱ्या स्कीममध्ये स्वस्त घर? मग फरकाचे पैसे भरतो कोण? हे शोधायला गेलो आणि गाडी थेट 1936 सालच्या नागपुरात, आमच्या इतवारीच्या दारात येऊन थांबली. तर मंडळी, ही त्याचीच गोष्ट.

आधी आजचा नियम बघू. नोव्हेंबर 2013 मध्ये राज्य सरकारने दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी तो आणला. भूखंड 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर 20 टक्के बांधकाम 30 ते 50 चौरस मीटरच्या छोट्या घरांसाठी ठेवायचं. ही घरं अल्प उत्पन्नवाल्यांना म्हाडामार्फत जायची आणि बिल्डरला मिळायचा फक्त बांधकामाचा खर्च. जमिनीची किंमत शून्य! म्हणजे सरकारी तिजोरीतून काही जात नाही. जमिनीच्या वाढलेल्या भावातला एक वाटा काढून घेतला जातो. डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत नियमावलीतही हा नियम आहे. इंग्लंडमध्ये 1990 च्या नगररचना कायद्याच्या कलम 106 खाली तिथल्या कौन्सिल बिल्डरशी करार करून साधारण हेच करतात.

पण ही कल्पना काही 2013 ची नाही. मुंबईत 1896 ला प्लेग आला आणि 1898 मध्ये दाट वस्त्या मोकळ्या करायला तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. इथे 1936 चा कायदा होऊन आपली 'एनआयटी', म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, जन्माला आली. गणित सोपं होतं. जमीन घ्यायची, रस्ते-नाल्या करायच्या, प्लॉट पाडून वाढलेल्या भावाने द्यायचे. ज्याची जमीन त्याच्याकडेच राहिली पण रस्त्यामुळे महागली, त्याच्याकडून सुधारणा आकार घ्यायचा. इतवारी-गांधीबागेला खेटून जाणारा सेंट्रल एव्हेन्यू प्रन्यासच्याच काळातला. आणि महत्त्वाचं म्हणजे, योजनेमुळे ज्यांची घरं जातील त्यांच्यासाठी घरांची योजना आखायची तरतूद त्याच कायद्यात होती.

या गणितात एक मेख होती. प्रन्यास घेत असलेल्या जमिनीची भरपाई नेहमीच्या भूसंपादन कायद्यापेक्षा कमी बसायची. बाजारभावावर मिळणारी 15 टक्क्यांची जादा रक्कम इथे मिळत नसे. एक जमीनमालक कोर्टात गेला आणि डिसेंबर 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी निकाल दिला की हा भेदभाव आहे. जमीन दवाखान्यासाठी घ्या नाहीतर शहर सुधारायला, ज्याची जाते त्याला काय फरक पडतो? मुद्दा बिनतोड होता, पण स्वस्त जमिनीचा रस्ता बंद झाला.

मग 1976 मध्ये नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला. नागपुरात मर्यादा 1500 चौरस मीटर. त्यात कलम 21 अशी पळवाट म्हणा किंवा खिडकी म्हणा, ठेवली होती: दुर्बल घटकांसाठी घरं बांधतो असं लिहून द्या आणि जास्तीची जमीन ठेवा. केंद्राने हा कायदा 1999 ला रद्द केला, महाराष्ट्राने नोव्हेंबर 2007 मध्ये. ती जागा सहा वर्षांनी 20 टक्क्यांच्या नियमाने भरली.

आता आपल्या भाषेत बोलायचं तर, कुठल्याही प्रोग्रॅमचा जीव त्याच्या 'इफ' कंडिशनमध्ये असतो. 1936 च्या कायद्यात ती होती 'घर पाडलं तर'. 2013 मध्ये झाली 'भूखंड 4000 चौरस मीटरचा असेल तर'. म्हणजे जवळपास एक एकर. इतवारीत एक एकराचा सलग प्लॉट शोधून दाखवा! इथे भिंतीला भिंत लागून घरं. एक वाडा पडतो, तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट उभे राहतात, नियम पूर्ण पाळून. 20 टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. पायी जाण्याजोगी मोठी जागा होती ती एम्प्रेस मिलची. 1877 ला सुरू झालेली ही टाटांची मिल 2002 मध्ये बंद पडली आणि तिथे मॉल उभा राहिला. नियम त्यानंतरचा.

म्हणून ही घरं होणार ती वर्धा रोडला, बेसा-मनीषनगरकडे, जिथे मोठे ले-आउट आहेत. पण किराणा ओळीतला हमाल, सराफ्यातला कारागीर, मस्कासाथचा ठेलेवाला यांचं काम पहाटेपासून इथे. त्यांना तिकडे स्वस्त घर देऊन रोज शहर ओलांडायला लावायचं, याला कितपत स्वस्त म्हणायचं?

1936 चा कायदा आदर्श होता असं माझं म्हणणं नाही. घरं देण्याची तरतूद असणं आणि घरं मिळणं यात अंतर असतंच. पण जिथे घर पडतं तिथेच घराची जबाबदारी उभी राहते, एवढी गोष्ट त्याला कळली होती. मला वाटतं, छोट्या प्लॉटवरही वाढीव बांधकामामागे चौरस फुटाला थोडी रक्कम घ्यावी आणि ती जुन्या शहरातल्याच भाड्याच्या घरांवर खर्च करावी. बिल्डर म्हणतील, भाव वाढतील. वाढतील थोडे. पण आजही किंमत कोणीतरी मोजतोच आहे ना? तो फक्त सकाळी लवकर सायकल काढून निघतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.