वैनगंगेचा मोगली आणि न बोलणारा गोंड

वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते, सातपुड्यात मोठा वळसा घेते आणि बालाघाट शहराला लागून भंडाऱ्याकडे उतरते. वाटेत तिला बाघ नदी मिळते. हीच बाघ नदी काही अंतर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राची हद्द सांभाळते. अलीकडे गोंदिया, पलीकडे बालाघाट. भात, बांबू, भरवेलीचं मँगनीज आणि मलाजखंडचं तांबं एवढ्यावर या जिल्ह्याची ओळख आटोपते. व्हिडिओ गेमच्या इतिहासात त्याचं नाव शोधायला कुणी जाणार नाही. तरीही 1994 च्या सुमाराला सेगा आणि निन्टेन्डोच्या यंत्रांवर जगभरातली मुलं ज्या रानातून लाल चड्डीतल्या पोराला पळवत होती, ते रान मूळ पुस्तकात याच वैनगंगेच्या काठचं आहे. गेमचं नाव होतं ‘द जंगल बुक’, पोराचं मोगली.

जिल्हा तसा नवा. 1867 साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी तो उभा केला. ठाण्याचं जुनं नाव बुढा. बालाघाट, म्हणजे घाटावरचा मुलूख, हे नाव मागून रुळलं. त्याआधी इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि त्याही आधी गोंड राजांचा. लांजीचा किल्ला अजून उभा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण वारासिवनी, कटंगी, लांजी या पट्ट्यात मराठी आजही घरात बोलली जाते, तिच्याशेजारी पोवारी आणि गोंडी. हद्द कागदावर पडली, सोयरिकी तशाच राहिल्या.

मोगली या रानात आला तो मात्र फार लांबून. रडयार्ड किपलिंगचा जन्म 1865 चा, मुंबईचा, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात, आणि त्या 1894 आणि 1895 साली दोन पुस्तकांतून आल्या. सिवनीचं जंगल त्याने पाहिलेलं नव्हतं. पहिल्या खर्ड्यात तर गोष्ट अरवलीत घडत होती. नंतर त्याने ती उचलून सातपुड्यात आणली. आधाराला होतं रॉबर्ट स्टर्नडेलचं 1877 चं ‘सिवनी’ हे शिकारी आणि छावणीच्या आयुष्याचं पुस्तक. हा स्टर्नडेल म्हणजे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक 1886 मध्ये सुरू झालं तेव्हाच्या दोन संपादकांपैकी एक. अशा रीतीने एका मुंबईकराने दुसऱ्या मुंबईकराच्या पुस्तकातून वैनगंगा उचलली, आणि ती जगाला माहीत झाली.

न पाहिलेल्या जागेवर लिहिलं म्हणून किपलिंगला कमी लेखायचं कारण नाही. त्याच्या गोष्टींत एक असं सामर्थ्य आहे जे व्हिडिओ गेम लिहिणाऱ्यांना आज फार कष्टाने साधावं लागतं: तिथे रानाचे नेम कथा चालवतात. मोगलीला प्रत्येक जातीच्या प्राण्याचा परवलीचा शब्द पाठ करावा लागतो, आणि माकडं त्याला पळवून नेतात तेव्हा घारीला घातलेली तीच साद त्याला वाचवते. दुष्काळात वैनगंगेतला एक खडक उघडा पडला की पाणवठ्यावर शिकार बंद. हा नेम मोडणारा सगळ्या रानाचा गुन्हेगार.

सगळ्यात थरारक आहे ती रानकुत्र्यांची गोष्ट. दख्खनकडून शेकडो रानकुत्री येतात. लांडग्यांच्या कळपाचा टिकाव लागणार नाही हे उघड असतं. काआ अजगर मोगलीला नदीची एक घळ दाखवतो, जिच्या दोन्ही कड्यांवर आग्या मोहोळांची पोळी लटकलेली आहेत. मोगली अंगाला रानलसूण चोळतो, कारण तो वास माश्यांना सोसत नाही. रचून ठेवलेले दगड तो धावता धावता पायाने उडवतो, माश्या उठतात, आणि तो कड्यावरून वैनगंगेत झेपावतो. खाली काआ वाट बघत असतो. मागून येणाऱ्या कुत्र्यांवर मोहोळ तुटून पडतं. आधी पाहणी, मग साहित्य, मग वेळ साधून धाव, आणि चूक झाली तर मरण. जॉयस्टिकचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी कुणीतरी इतकी चोख ‘लेव्हल’ लिहून ठेवली होती.

1994 च्या गेममध्ये यातलं काहीच नाही.

तो गेम डिस्नेच्या 1967 च्या सिनेमावरून केलेला. डेव्हिड पेरी आणि त्याचे व्हर्जिन कंपनीतले सहकारी कसलेले कारागीर होते. मोगलीची धाव, त्याचं वेलीवरचं झोके घेणं आजही बघत राहावंसं वाटतं. पण त्याने करायचं काय? केळी फेकून माकडं पाडायची, झाडाझाडांत लपवलेले हिरे गोळा करायचे, ठरलेली संख्या भरली की पुढच्या रानात जायचं, शेवटी शेरखान वाघ. परवलीचा शब्द नाही, पाणवठ्याचा तह नाही, नेमाचं ओझं नाही. नदी आहे, ती पार करायची एक जागा एवढाच तिला अर्थ. भारतात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचं यंत्र होतं त्या मुलांनी हा आणि असे खेळ ‘कॅसेट’ अदलाबदल करून खेळले, आणि त्याच सुमाराला दूरदर्शनवर जपानी मालिकेतला मोगली गुलजारांच्या गाण्यासह रविवार गाजवत होता. शेरखानला हिंदी आवाज होता नाना पाटेकरांचा. त्या गाण्यातला मोगली मुलांच्या मनात राहिला, गेममधला बोटांत. खेळाची कथा मनात राहायची असेल तर खेळणाऱ्याच्या हातून घडणारी गोष्ट आणि सांगितली जाणारी गोष्ट एकच असायला हवी. इथे त्या दोन वेगळ्या वाटांनी गेल्या.

किपलिंगच्या पुस्तकातही एक जागा मोकळी आहे, आणि ती अधिक खोल जखमेसारखी आहे. ‘जंगल आत येऊ द्या’ या अर्थाच्या गोष्टीत रान गावावर चालून येतं, पिकं तुडवली जातात, आणि घाबरलेले गावकरी जवळच्या गोंडांच्या म्होरक्याला बोलावतात. आपण कोणत्या देवाचा अपराध केला, असं विचारतात. तो या भूमीचा सगळ्यात जुना रहिवासी आहे हे लेखक आदराने सांगतो. पण गोंड एक शब्दही बोलत नाही. कारल्याचा वेल उचलून देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो, खान्हीवाड्याच्या वाटेकडे हाताने ढकलल्याची खूण करतो आणि परत रानात जातो. लांडगा, अस्वल, अजगर, सगळे त्या पुस्तकात भरभरून बोलतात. ज्याचं ते रान, तो मुका.

प्रत्यक्षात त्याच्याजवळ सांगायला किती होतं याचा पुरावा मोगलीच्या सुमारे तीस वर्षं आधी छापला गेलेला आहे, आणि तो नागपुरातून. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी नागपूरला राहत. त्यांच्या नावाचं कॉलेज विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. 1863 मध्ये टाकळघाटजवळची शिलावर्तुळं पाहून परतताना ते ओढ्यात बुडून गेले. त्यांच्या कागदांत एका परधान गायकाकडून उतरवून घेतलेलं, लिंगो या नायकाचं लांबलचक गोंडी कथागीत होतं. रिचर्ड टेंपल यांनी ते 1866 साली छापलं.

त्या कथेत गोंडांना महादेवाने गुहेत कोंडलेलं आहे. लिंगोला त्यांना सोडवायचं आहे. त्याआधी एक प्रसंग येतो: शिजवायला विस्तव हवा, आणि विस्तव आहे रिकाड गवडी नावाच्या राक्षसी म्हाताऱ्याच्या शेतात. लिंगोचा एक भाऊ तो चोरायला जातो, म्हातारा त्याच्या मागे लागतो, तो जीव घेऊन पळतो. मग लिंगो स्वतः निघतो. भोपळ्याचं वाद्य करतो, त्याला केसांच्या तारा लावतो, झाडावर चढून वाजवू लागतो. म्हातारा आणि म्हातारी ऐकता ऐकता नाचायला लागतात, आणि वैर तिथेच संपतं. पुढे महादेव त्याला अट घालतो, बिंदो पक्ष्याची पिल्लं आणून दे. लिंगो समुद्रकाठी पोचतो तेव्हा कळतं की दरवेळी ही पिल्लं भौरनाग गिळतो. लिंगो नागाला मारतो, आणि कृतज्ञ पक्षीच त्याला पंखांवर घेऊन येतात. गोंड सुटतात, मग लिंगो त्यांची कुळं लावून देतो.

गेमचे लेखक ‘क्वेस्ट’ म्हणतात ते यात पुरेपूर आहे. शिवाय चोरी आणि पळापळ जिथे हरते तिथे संगीत जिंकतं, ही कल्पना खेळणाऱ्याच्या हाती दिली तर तो लिंगोचं शहाणपण स्वतः शोधून काढेल. कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

हे गाणारे परधान म्हणजे गोंडांचे भाट. हातात तीन तारांचा बाना. बडादेव त्याच वाद्यात वस्तीला असतो अशी श्रद्धा. परधान यजमान गोंडाच्या घरी जाऊन गात तेव्हा त्याच्या कुळाची वंशावळही गात. ऐकणारा माणूस अशा रीतीने कथेच्या आतच बसलेला असे. ती चाल पुढे क्षीण झाली, पण पाटणगढचे जनगढसिंह श्याम याच परधानांतले. 1980 च्या दशकात त्यांनी गाण्यातले देव आणि प्राणी भिंतीवर, कागदावर उतरवले आणि गोंड चित्रकला म्हणून आज जग जे ओळखतं ते उभं राहिलं.

याच जिल्ह्यात बैहरच्या पठारावर, कान्हाच्या जंगलाच्या मुक्की फाटकाच्या आसपास, बैगा आदिवासींची गावं आहेत. वाघाने मारलेल्या माणसासाठी बैगा काय करत, याचं वर्णन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात आहे. माणूस जिथे पडला तिथली रक्ताने भिजलेली माती घेऊन बैगा पुजारी तिचा छोटा सुळका करतो. तो सुळका म्हणजे माणूस. बाकीचे मागे सरतात. बैगा हातापायांवर उतरतो, वाघ होतो, झडप घालतो, माती दातांत धरतो. मग एकजण धावत येऊन त्याच्या पाठीवर काठीने हलकेच मारतो, आणि वाघ संपतो. माती वारुळात ठेवतात. दुसऱ्या दिवशी एका कोंबडीच्या पिल्लाच्या डोक्यावर गेरूची खूण करून ते रानात सोडतात आणि मेलेल्याला घरी जायला सांगतात.

वाचताना अंगावर काटा येतो. माणूस मारणाऱ्याच्या जागी माणसाने स्वतःला ठेवायचं, ते कृत्य आपल्या शरीराने पुन्हा करायचं, आणि गावाने त्याचा शेवट करायचा. यात नेम आहेत, भूमिका आहे, चुकीची किंमत आहे. खेळात कथा कशी असावी या प्रश्नाचं इतकं गंभीर उत्तर कुठल्याही स्टुडिओत मिळायचं नाही, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. आणि हे उत्तर त्याच जंगलातलं, जिथे पडद्यावरचा मोगली हिरे वेचत होता.

हे पडद्यावर येऊ शकतं का? अलास्कात आलं आहे. 2014 साली तिथल्या मूळनिवासींच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलने एका गेम कंपनीशी भागीदारी करून ‘नेव्हर अलोन’ हा गेम काढला. नुना नावाची मुलगी आणि तिचा कोल्हा न संपणाऱ्या हिमवादळाचं मूळ शोधायला निघतात. आधार इन्युपियात लोकांच्या परंपरेतल्या एका कथेचा, निवेदन इन्युपियाक भाषेत, आणि घडवण्यात सुमारे 40 वडीलधारे, कथेकरी आणि समाजातली माणसं सामील. खेळता खेळता त्याच माणसांच्या छोट्या चित्रफिती उघडत जातात. मुलांना बर्फाचा, वाऱ्याचा आणि कोल्ह्याचा अर्थ त्यांच्या तोंडून कळतो.

आपल्याकडे पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी’ काढला. डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधते. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दिसतात. लोकवर्गणीची मोहीम आधी फसली, तरी हा संच थांबला नाही, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात राजीला नामांकन मिळालं. पुराणातल्या कथा भारतीय हातांनी खेळात आणता येतात हे त्याने दाखवलं. आता पुराणाच्या पलीकडे, रानात जायला हवं.

शब्दांची शिदोरीही तयार आहे. मारुती चितमपल्ली वैनगंगेच्याच खोऱ्यात, नवेगाव बांधला वनाधिकारी होते. रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं टिपत त्यांनी मराठी समृद्ध केली. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार म्हणावं हे मराठी वाचक त्यांच्यामुळेच शिकला. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं गेम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर असावीत.

गोंदियाहून बालाघाट रेल्वेने जेमतेम चाळीस किलोमीटर आहे. पुण्यामुंबईच्या गेम लेखकांनी एकदा ते तिकीट काढावं, तिथून बैहरला जावं, आणि चार दिवस काही न लिहिता फक्त ऐकावं. बाना अजून वाजवणारे परधान आहेत, बैगा आजी-आजोबा आहेत, गोंडी बोलणारी तरुण मुलं आहेत. त्यांना लेखक म्हणून बरोबर घ्या, त्यांचं नाव पहिल्या पडद्यावर द्या, मोबदला पूर्ण द्या, आणि निवेदन गोंडीत ठेवा. मराठी आपण खाली वाचू.